संगणकीय अभिकल्पातील मानवी सहभाग
यंत्रभागाचा वा संरचनेचा आराखडा संगणकाने स्वतः शोधावा आणि तसे करताना अभियंत्याच्या निर्णयांतून शिकावे, या हेतूने विकसित झालेली पद्धती. शोधाचे काम यंत्राकडे गेले, तरी उत्तम कशास म्हणावे हे मनुष्यालाच ठरवावे लागते. हा निर्णय यंत्रापर्यंत कसा पोहोचवावयाचा, हाच या पद्धतीच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे ‘स्केचपॅड’ ही प्रणाली सादर केली. पडद्यावर प्रकाशलेखणीने काढलेल्या रेषा समांतर असाव्यात अशी अट घातली, की संगणक आकृती त्यानुसार जुळवून घेई. मूळ कल्पना मात्र मनुष्याचीच असे. याउलट बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात इंगो रेखेनबर्ग यांनी १९६४ मध्ये, संगणकाविनाच, शोधाचे काम यदृच्छेवर सोपविले. वाऱ्याच्या झोतात ठेवलेल्या घडीच्या पट्टीचे पाच सांधे यदृच्छया बदलावयाचे व रोध घटला तरच बदल राखावयाचा, अशी ही रीत होती. प्रत्येक सांध्याच्या ५१ स्थितींमुळे सु. ३४·५ कोटी आकार संभवत. तरीही थोड्या चाचण्यांत पट्टी सपाट झाली. यातूनच संगणकावरील उत्क्रांतिपद्धतींपैकी एक विकसित झाली.

सौंदर्य वा हाताळण्यातील सोय यांसारखे गुण सूत्रात बसत नाहीत. त्यांकरिता आकृत्यांची निवड मनुष्याच्या नजरेवर सोपविण्यात आली. परंतु असंख्य आकृत्या पाहून मनुष्य थकतो व त्याचे निर्णय विसंगत होतात. जपानी संशोधक हिदेयुकी ताकागी यांनी २००१ मधील आढाव्यात या अडचणीवर भर दिला. यावर उपाय म्हणून मोजक्या निर्णयांवरून अभियंत्याची पसंती शिकणारे प्रतिमान तयार करतात व बहुतेक छाननी त्यावर सोपवितात. प्रतिमान चुकीचे शिकल्यास मात्र तीच चूक पुढील आकृत्यांत उतरते.

‘नासा’ने २२ मार्च २००६ रोजी सोडलेल्या ‘स्पेस टेक्नॉलॉजी ५’ मोहिमेतील लहान उपग्रहांवर संगणकाने उत्क्रांत केलेले, वेड्यावाकड्या तारांचे अँटेना होते. तयारी चालू असताना नियोजित कक्षा बदलली व आधीचा आराखडा नव्या गरजांस उतरेना. तेव्हा अभियंत्यांनी कसोट्या बदलून संगणकाकडून नवा आराखडा मिळविला. कक्षा बदलल्याचे यंत्रास आपणहून कळणे शक्य नव्हते. न सांगितलेली गरज संगणक पाळीत नाही. पुलाच्या वा विमानाच्या बाबतीत अशी उणीव प्राणघातक ठरू शकते. यास्तव आराखड्याची अंतिम मान्यता व तिचे उत्तरदायित्व अभियंत्याकडेच राहते.