दख्खनचे पठार

भारतीय द्वीपकल्पातील लाव्ह्याचे विस्तीर्ण पठार. लाव्ह्याने आज सुमारे ५ लाख चौ. किमी. प्रदेश व्यापला असून महाराष्ट्राचा जवळपास चार-पंचमांश भाग त्यात येतो.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारतीय भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेस, आज रियुनियन बेट आहे त्या भागातील तप्तस्थानावरून सरकत होता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा चहूकडे पसरला. एक थर निवायचा, काही काळ जायचा, पुन्हा नवा लोंढा यायचा. काही लोंढे तर पार पूर्व किनाऱ्यावर राजमहेंद्रीपर्यंत पोहोचले. डायनोसॉर नष्ट होण्यात या उद्रेकांचा वाटा किती आणि मेक्सिकोत आदळलेल्या अशनीचा किती, हा वाद अजून मिटलेला नाही.

हिमालय दोन भूखंडांच्या टकरीतून, थरांना घड्या पडून उभा राहिला. सह्याद्रीची गोष्ट वेगळी. तो पठाराचाच तुटलेला, झिजलेला पश्चिम काठ आहे. कोकणातून पाहणाऱ्याला उभा कडा दिसतो. देशावरून जाणाऱ्याला चढ फारसा जाणवतही नाही. पठाराचा उतार पूर्वेकडे असल्यामुळे अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किमी.वर त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते.

थरांची ही रचना विहीर खणताना उघडी पडते. आधी काळी माती, मग मुरूम, त्याखाली सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, आणि मध्येच विटकरी रंगाचा पट्टा. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात खालचा थर झिजून, वरच्या तप्त लाव्ह्याने भाजून असे पट्टे तयार झाले. खडकातील वायूच्या पोकळ्यांत पुढे पाण्यावाटे झिओलाइटचे देखणे स्फटिक साचले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहता येतात; नाशिक-जळगाव भागातील नमुने जगभरच्या संग्राहकांकडे आहेत.

याच एकसंध कातळात अजिंठा आणि वेरूळ कोरले गेले. मात्र जो घट्टपणा लेण्यांना टिकवतो, तोच पाण्याला आडवा येतो. बेसॉल्टमध्ये पाणी साठते ते मुख्यतः झिजलेल्या थरांत, भेगांत आणि सांध्यांत. ही जागा मर्यादित आणि ठिकठिकाणी वेगळी. म्हणून चांगला पाऊस पडूनही अनेक गावांच्या विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतात. अशा भूमीत बोअर आणखी खोल नेत राहण्यापेक्षा पावसाचे पाणी माती-मुरमात जिरवणे अधिक शहाणपणाचे आहे.