आश्रय देणे हा गुन्हा ठरतो तेव्हा

'घुसखोर' हा शब्द आता आपल्या वस्त्यांतही सहज वापरला जातो. कागद नसलेल्या माणसाला हाकलून द्या, त्यात धर्माचा काय संबंध, असे आपले काही तरुण कार्यकर्तेही विचारतात. संबंध आहे. तो नीट दिसावा म्हणून आम्ही आज अमेरिकेतल्या एका खटल्याचा इतिहास मांडत आहोत.

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर या छोट्या देशात १९८० ते १९९२ गृहयुद्ध चालले. ७५ हजारांवर माणसे मारली गेली. शेतमजूर, संघटना बांधणारे कामगार, शिक्षक, धर्मगुरू, लष्कर आणि त्याच्या खुनी टोळ्यांनी कोणालाच सोडले नाही. गरिबांच्या बाजूने बोलणारे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना २४ मार्च १९८० रोजी प्रार्थना चालू असतानाच गोळी घालण्यात आली. या लष्कराला पैसा आणि शस्त्रे अमेरिका पुरवत होती.

जीव मुठीत धरून लोक उत्तरेकडे पळाले. छळाच्या भीतीने आलेल्याला आश्रय मागता येईल, असा कायदा अमेरिकेने १९८० सालीच केला होता. पण या लोकांना निर्वासित मानले, तर आपले मित्र सरकार स्वतःच्याच जनतेला मारते हे कबूल करावे लागले असते. १९८४ मध्ये साल्वाडोरच्या शंभर अर्जांमागे तीनसुद्धा मंजूर झाले नाहीत. बाकीच्यांना 'पोटासाठी आलेले' ठरवून परत पाठवण्याचा सपाटा लावला गेला. माणूस 'बेकायदेशीर' कसा बनवला जातो ते इथे पाहा. कायद्याने हक्क दिला, कचेरीने तो नाकारला आणि मग त्याच माणसावर बेकायदेशीरपणाचा शिक्का मारला.

जुलै १९८० मध्ये सीमा ओलांडून आलेल्यांपैकी १३ साल्वाडोरन अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात तडफडून मेले. जवळच्या टूसॉन शहरातल्या चर्चच्या मंडळींनी आधी कायदेशीर मार्गच धरला. जामीन भरले, वकील दिले, अर्ज लिहून दिले. अर्ज फेटाळलेच जात राहिले. तेव्हा जिम कॉर्बेट हा क्वेकर पंथाचा पशुपालक लोकांना सीमेपलीकडून स्वतः घेऊन येऊ लागला. २४ मार्च १९८२ रोजी, रोमेरोंच्या हत्येला दोन वर्षे झाली त्या दिवशी, पाद्री जॉन फाइफ यांच्या साउथसाइड चर्चने जाहीर केले की आम्ही यांना आसरा देणार. चोरून काही केले नाही. सरकारला आधी पत्र पाठवले, चर्चबाहेर फलक लावले. पुढे शेकडो चर्च आणि ज्यू प्रार्थनागृहे या चळवळीत आली.

कॉर्बेट यांचा युक्तिवाद आपल्या लोकांना लगेच कळेल. कायदा सरकार मोडते आहे, आम्ही तो पाळतो आहोत, असे त्यांचे म्हणणे होते. महाडला वेगळे काय होते? १९२३ मध्ये बोले ठराव झाला, १९२४ मध्ये नगरपालिकेने तळे खुले केले, पण पाणी कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा सत्याग्रहींनी कायदा अंमलात आणला होता. तरी मार त्यांनाच खावा लागला.

टूसॉनमध्येही तेच झाले. सरकारी खबरे भाविक बनून चर्चच्या बैठकांत बसले आणि लपवलेल्या यंत्रांवर बोलणे टिपत राहिले. जानेवारी १९८५ मध्ये १६ जणांवर आरोप ठेवले गेले. खटला ११ जणांवर चालला. साल्वाडोरमध्ये काय चालले आहे आणि आरोपींची धर्मश्रद्धा काय सांगते, हे ज्युरीपुढे मांडायलाच न्यायाधीशांनी मनाई केली. म्हणजे का केले, हे सांगायचेच नाही! मे १९८६ मध्ये फाइफ यांच्यासह आठ जण दोषी ठरले, कॉर्बेट धरून तीन सुटले. तुरुंगात मात्र कोणालाच पाठवले नाही. दरम्यान चर्च संघटनांनी सरकारवरच दावा लावला होता. १९९१ मध्ये तडजोड होऊन साल्वाडोर आणि ग्वाटेमालाच्या लोकांचे अर्ज नव्याने ऐकण्याचे सरकारला मान्य करावे लागले.

म्हणून ख्रिस्ती धर्म श्रेष्ठ, असे आम्ही म्हणत नाही. त्याच बायबलच्या आधारे अमेरिकेत गुलामगिरीचेही समर्थन झाले होते. आणि बौद्ध हे नावही माणुसकीची हमी देत नाही. म्यानमारमध्ये काही भिक्खूंनीच रोहिंग्यांविरुद्ध विष पेरले. २०१७ मध्ये लष्कराच्या कारवाईमुळे सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात पळाले. चीवर अंगावर असूनही मैत्री सुटली, तर उरते काय?

आता आपल्या देशात या. कप्ताई धरणाने विस्थापित झालेले चकमा बौद्ध १९६४ पासून अरुणाचलात राहतात. त्यांना हुसकावण्याच्या धमक्या आल्या, तेव्हा ९ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम २१ चा आधार घेऊन राज्याला त्यांचे रक्षण करायला लावले. ते कलम 'व्यक्ती'बद्दल बोलते. कलम १९ मधली स्वातंत्र्ये नागरिकांची आहेत, जगण्याचा हक्क मात्र प्रत्येक माणसाचा आहे. बाबासाहेबांच्या मसुदा समितीने ठेवलेला हा फरक प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा.

२०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत बौद्धांचे नाव आहे, मुसलमानांचे नाही. आपले नाव यादीत आहे म्हणून आपण गप्प बसायचे का? जात विचारून पाणी देणारी व्यवस्था आपण नाकारली. धर्म विचारून आसरा देणारी व्यवस्था कशी मान्य करणार?

काही मित्र म्हणतात, हे लोक आपल्या मजुरांची मजुरी पाडतात. मजुरी ठेकेदार पाडतो. कागद नसलेला माणूस तक्रार करणार नाही, हे त्याला ठाऊक असते. तो जितका घाबरलेला, तितका ठेकेदाराचा फायदा. राज्याने सीमा सांभाळाव्यात, चौकशीही करावी. पण सुनावणीशिवाय हाकलणे, भाषा ऐकून उचलणे, लेकराला आईपासून तोडणे याला चौकशी म्हणत नाहीत.

आणि कागदाचा माज आपण कोणाला दाखवतो? १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्या भटक्या-विमुक्तांच्या पालांत आजही जन्माचा दाखला नसलेली माणसे भेटतात. आज कागद मागणारा उद्या त्यांच्याही दारात उभा राहील.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. तिच्यात ओळखपत्राची अट नाही. तेव्हा 'घुसखोर' म्हणणे आपल्या तोंडून आधी थांबवू या. वस्तीत कोणाला उचलले तर वकील मिळवून देऊ, सुनावणी मागू, उपाशी लेकराला जेवू घालू. विहाराचे दार ठोठावणाऱ्याला आधी पाणी देऊ. धम्म सांगतो ते एवढेच आहे, आणि ते आपल्या हातात आहे.

जय भीम!