निकोटिनचे व्यसन, आनुवंशिकता आणि मेंदूचे वार्धक्य

तंबाखू कोणाला किती घट्ट चिकटते आणि उतारवयात कोणाची बुद्धी किती मंदावते, या दोन्हींत जनुकांचा वाटा असतो आणि परिस्थितीचाही. हे दोन वाटे वेगळे काढण्यासाठी संशोधक जनुके बरीचशी सारखी असलेल्या जुळ्यांकडे वळतात.

या पद्धतीचा गाजलेला वापर मात्र भलत्याच बाजूने झाला. १९५८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी जुळ्यांची आकडेवारी पुढे करून, सिगारेटची ओढ आणि फुप्फुसाचा कर्करोग एकाच आनुवंशिक प्रवृत्तीतून आलेले असू शकतात, असा युक्तिवाद केला. फिशर स्वतः पाइप ओढत, शिवाय तंबाखू उद्योगाचे सल्लागारही होते! पुढे फिनलंडमध्ये, एकच भाऊ किंवा बहीण ओढणारी अशा जुळ्या जोड्या तपासल्या, तेव्हा आधी दगावणारा बहुधा ओढणाराच निघाला.

व्यसनात जनुकांचा हात आहे, हे खरे. पहिली सिगारेट हाती येते ती बहुतांशी घर आणि मित्रमंडळींमुळे. ती सुटत नाही, त्यात आनुवंशिकतेचा भाग साधारण निम्मा. २००८ मध्ये तीन संशोधक गटांना पंधराव्या गुणसूत्रावरचा एकच पट्टा सापडला. तेथील ‘सीएचआरएनए५’ जनुकातल्या एका बदलामुळे मेंदूतील निकोटिनग्राही मंद प्रतिसाद देतो. उंदरांवरील प्रयोगांत या ग्राहीचा घटक नसला, की ‘आता पुरे’ हा इशाराच बोथट होतो आणि निकोटिनचे सेवन वाढते. यकृतातील ‘सीवायपी२ए६’ हे विकर मंद असेल, तर निकोटिन रक्तात जास्त वेळ टिकते. अशी माणसे सहसा कमी ओढतात.

धूम्रपानाने उतारवयात बुद्धी अधिक घसरते, या म्हणण्याबद्दल एक शंका रास्तच होती: धूम्रपान करणारे मुळातच चाचण्यांत मागे असतील तर? उत्तर स्कॉटलंडने दिले. १९३६ साली जन्मलेल्या जवळजवळ सर्व मुलांची ४ जून १९४७ रोजी शाळेत बुद्धिचाचणी झाली होती. एडिनबरोत इयन डिअरी यांच्या गटाने त्यांपैकी काहींना सत्तरीच्या सुमारास पुन्हा गाठले. २०१५ मध्ये सुमारे ५०० जणांच्या मेंदूच्या प्रतिमा पाहिल्या, तेव्हा लहानपणीची बुद्धी हिशेबात धरूनही ओढणाऱ्यांच्या मेंदूचे बाह्यक, म्हणजे बाहेरचा थर, पातळ आढळले. सोडणाऱ्यांत ते अंशतः भरून आल्याची चिन्हे होती. फार ओढणाऱ्यांना त्यासाठी सुमारे २५ वर्षे लागावीत, असा अंदाज निघाला.

हे सारे निष्कर्ष मुख्यतः सिगारेटचे. महाराष्ट्रात २०१६–१७ च्या पाहणीनुसार धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर मशेरी, तंबाखू-चुना, गुटखा असे धूरविरहित प्रकार वापरणारे २४.४ टक्के होते. निकोटिन दोन्हींत आहे, धूर नाही. त्यामुळे स्कॉटलंडचे आकडे इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत.