दुखण्याला तारीख नसते



आजचा विषय आपल्या प्रत्येकीच्या ओळखीचा आहे. कंबर, पाठ, मान, खांदे, गुडघे. पण आज मी तेल कुठलं लावायचं ते सांगणार नाही. आज थोडा इतिहास सांगते. आपल्या शिवडी, परळ, लालबागच्या गिरणगावात पुरुषाची पाठ धरली तर तो सल्ला विचारायला कुठे जायचा, आणि बाईची धरली तर ती कुठे जायची, याचा.

आपल्या आज्या-पणज्यांकडे या दुखण्यांसाठी शब्दांची काही कमी नव्हती. उसण भरली, लचक भरली, चमक निघाली, मान आखडली, पाय मुरगळला, खांदा ठणकतो, गुडघा वाजतो. प्रत्येक शब्दाचं दुखणं वेगळं आणि उपायही वेगळा. उसण भरली की पायाळू माणूस शोधायचा, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. त्याने पाठीला पाय लावला की उसण उतरते, ही समजूत कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांबरोबर चाळीत आली. त्याखेरीज तव्यावर तापवलेल्या फडक्याचा शेक, मिठाची पुरचुंडी, निर्गुडीचा पाला हे होतंच.

हाड सरकलं किंवा मोडलं, तर हाडवैद्य. गिरणगावात तालमी आणि व्यायामशाळा बऱ्याच होत्या, आणि कुस्ती म्हटली की मुरगळणं आलंच. त्यामुळे तालमीत जुन्या, जाणत्या पैलवानाचा हात सांध्यांवर बसलेला असायचा. निखळलेला खांदा बसवणं, बांबूच्या कामट्या लावून पट्टी बांधणं, हे त्यांना जमत असे. काही गोष्टी मात्र नुसत्या हाताला कळत नाहीत. आत हाडाचे तुकडे किती झालेत ते दिसत नाही, आणि पट्टी फार आवळली गेली तर पुढचा रक्तपुरवठाच थांबतो. क्ष-किरणांचा शोध 1895 चा. ते यंत्र गरिबाच्या आवाक्यात यायला पुढे बरीच वर्षं गेली.

आता यात बाई कुठे होती ते पाहा. तालीम पुरुषांची. बाई तिथे पाठ दाखवायला जाणार नव्हती. तिच्या पाठीकडे घर लक्ष द्यायचं ते बाळंतपणात. तेव्हा शेक-शेगडी व्हायची, सुईण तेल लावून अंग रगडायची, डिंकाचे लाडू मिळायचे. पुढे ती पाण्याच्या कळशा उचलायला लागली की पाठ पुन्हा तिची एकटीची.

एकटीने करायचा उपायही याच शहरात बाटलीत भरून मिळू लागला. काशीनाथुनी नागेश्वर राव या तेलुगू गृहस्थांनी 1893 मध्ये मुंबईत अमृतांजन सुरू केलं. तो पिवळा बाम घराघरांत गेला. त्याने आराम पडतो, हे आपण जाणतोच. पण बाम लावला की कुणाला काही सांगावं लागत नाही, आणि कुणी काही विचारतही नाही.

आता कामाकडे येऊ. 1920 च्या दशकात कुलाब्याचा कापसाचा बाजार आपल्या शिवडीकडे आला. पोर्ट ट्रस्टची गोदामं उभी राहिली, आणि त्याच कापसावरून शेजारच्या स्टेशनचं नाव कॉटन ग्रीन पडलं. कापसाची दाबून बांधलेली गासडी आजच्या मापाने 170 किलोची असते. त्या गासड्या हलवायच्या, गाडीत चढवायच्या, गिरणीत उतरवायच्या, हे काम माणसांच्या पाठीवर चालायचं. गिरणीच्या आत, त्या काळात दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. बायका मुख्यतः रिळिंग आणि वाइंडिंग खात्यात. तुटलेला धागा जोडायचा, बॉबिन बदलायची, पुन्हा धागा जोडायचा. तासन् तास उभं राहून, हात खांद्याशी उचललेले.

1923 साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. फार मोठी गोष्ट होती ती. कामावर हात गेला, पाय मोडला, तर मालकाने भरपाई द्यायची. पण कायद्याचा शब्द होता अपघात. कामामुळे आणि काम चालू असताना झालेला अपघात. म्हणजे त्याला दिवस हवा, वेळ हवी, पाहणारा साक्षीदार हवा. पट्ट्यात बोट अडकलं, तर हे सगळं सांगता येतं. वीस वर्षं उभं राहून कंबर गेली, तर कुठली तारीख सांगायची? कायद्याला व्यवसायामुळे होणारे काही आजारही जोडले होते, शिशाची विषबाधा वगैरे. पाठदुखी त्यात नव्हती.

बाईच्या शरीराकडे सरकारचं लक्ष गेलं ते दुसऱ्या वाटेने. 1921 च्या सुमारास मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांना गिरणीतल्या बायकांची बाळंतपणं आणि त्यांची मुलं यांची पाहणी करायला नेमलं. पुढे रा. सा. आसवले यांनी कायदेमंडळात विधेयक आणलं, 1928 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं, आणि 1929 मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला. त्या कायद्याने किती बायकांना आणि बाळांना आधार दिला, ते विसरून चालणार नाही. पण गरोदर नसलेल्या, चाळिशीच्या, पाठ धरलेल्या बाईबद्दल त्यात काही नव्हतं. ती बाई धागा जोडत राहिली.

आता आपल्या शेजारच्या परळला या. आचार्य दोंदे मार्गावरचं केईएम रुग्णालय 1926 मध्ये सुरू झालं. आपल्यापैकी कितीजणींचा जन्म तिथला असेल! याच केईएममध्ये 1950 साली आशियातली पहिली व्यवसायोपचाराची शाळा निघाली. आजार किंवा दुखापत झाल्यावर रोजची कामं पुन्हा करता यावीत, यासाठी शिकवणारं ते शास्त्र. ती सुरू केली कमला निंबकर यांनी. त्या मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून 1930 मध्ये भारतात आल्या आणि महाराष्ट्राच्या झाल्या. त्यानंतर दोन-तीन वर्षांत, पोलिओने मुंबईतल्या मुलांचे पाय लुळे पडत असताना, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने तिथेच देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा उभी राहिली. 1955 मध्ये हाजी अलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आली. आज तुम्हाला कुणी सांगतं ना, कमरेचे व्यायाम शिकून घ्या, त्या सल्ल्याची आपल्याकडची सुरुवात इथून चालत जाण्याच्या अंतरावर झाली.

1954 मध्ये कामगार राज्य विमा योजना मुंबईत लागू झाली. गिरणी कामगाराला दवाखाना मिळाला, आजारपणाचे पैसे मिळू लागले. परळचं महात्मा गांधी स्मारक रुग्णालय त्याच योजनेचं. पण योजनेचा वैद्यकीय लाभ आधी फक्त विमा असलेल्या कामगारापुरता होता. कुटुंबाचा नंबर मागून लागला. आणि तोवर गिरणीतल्या बायका कमी कमी होत चालल्या होत्या. नवी यंत्रं आली की आधी बायकांची खाती आटत. म्हणजे दवाखान्याचं कार्ड आलं तेव्हा बाई गिरणीच्या बाहेर पडत होती.

बाहेर पडून ती काय करत होती? खानावळ चालवत होती. एकेकट्या राहणाऱ्या कामगारांसाठी दोन वेळचं जेवण. पहाटे उठून कणीक तिंबायची, चुलीपुढे उकिडवं बसून पोळ्या-भाकऱ्या लाटायच्या-थापायच्या, पाणी भरायचं, डबे उचलायचे. ज्या कामगाराला विम्याचं कार्ड होतं तो हिच्याकडे जेवून कामावर जायचा. हिला कार्ड नव्हतं, कारण कागदावर ती कामगारच नव्हती. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बाईच्या या कामाला काम म्हणायला तिथून सुरुवात झाली.

पाठीवर ओझं वाहणाऱ्या पुरुषांनीही हेच भांडून मिळवलं होतं. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केलं आणि 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. रोज वेगळ्या व्यापाऱ्याचं ओझं वाहणाऱ्या हमालाला त्यामुळे नोंदणी मिळाली, आणि हक्क मागायला एक मंडळ मिळालं. नोंद झाली की दुखणं मांडायला जागा मिळते, हे त्यातून शिकायचं. 1982 च्या संपानंतर आपल्यातल्या पुष्कळजणी धुणीभांडी आणि स्वयंपाकाच्या कामाला लागल्या. त्यांच्यासाठी घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा व्हायला 2008 साल उजाडलं.

आणि आजच्या मुली? गिरण्यांच्या जागी मॉल झाले. 1948 च्या, 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायद्यात एक कलम होतं, 44 वं. ज्यांना उभ्याने काम करावं लागतं त्यांना मधून मधून बसायची सोय हवी, असं ते सांगायचं. गिरणी हा कारखाना होता. त्याच जमिनीवरचं कपड्यांचं दुकान कारखाना नाही. तिथे दिवसभर उभी राहणारी मुलगी रात्री घरी येऊन पोटऱ्या दाबते. केरळात कोळिकोडच्या दुकानांतल्या बायकांनी यावर आवाज उठवला. बसायला स्टूल द्या, एवढीच मागणी. 2018 मध्ये केरळने आणि 2021 मध्ये तमिळनाडूने कायद्यात तसा बदल केला. पायदुखीवर स्टूल हाही एक सल्ला आहे, आणि तो बायकांनीच सरकारला दिला.

वैद्यकीय सल्लाही काळाबरोबर बदलत गेला. पूर्वी पाठ धरली की सांगत, आठवडाभर आडवे पडा. 1995 मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी महापालिकेतल्या 186 कर्मचाऱ्यांवर एक अभ्यास झाला. काहींना झोपून राहायला सांगितलं, काहींना व्यायाम दिला, आणि काहींना सांगितलं, सोसेल तेवढी रोजची कामं चालू ठेवा. शेवटचे लोक सगळ्यांत लवकर बरे झाले. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही जुन्या कंबरदुखीसाठी व्यायाम आणि समजावून सांगणं यांवर भर दिला. कमरेचा पट्टा आणि वजन लावून ओढणं, ज्याला आपण ट्रॅक्शन म्हणतो, हे नेहमीचा उपाय म्हणून वापरू नका असं सांगितलं. बाईच्या बाबतीत मात्र 'सोसेल तेवढं' हे शब्द नीट ऐका. सोसत नसतानाही सगळं करायचं, असा त्याचा अर्थ नाही. घरातल्या माणसांनीही ते ऐकावं.

एक इशारा, आणि शिवडीत तो दिलाच पाहिजे. जेरबाई वाडिया मार्गावरचं क्षयरोग रुग्णालय आपल्याला रोज दिसतं. क्षय फक्त छातीचा नसतो, मणक्याचाही असतो. पाठ आठवडे न् आठवडे दुखते, रात्रीही थांबत नाही, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरतं, तर बाम बाजूला ठेवा आणि तपासून घ्या. सरकारी कार्यक्रमात क्षयाची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. आणि कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली, मांड्यांमधली जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा आवरेना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पडल्यानंतरचं जोराचं दुखणंही अंगावर काढू नका.

शेवटी एका डॉक्टरांची गोष्ट. बर्नार्दिनो रामाझिनी, इटलीचे. 1700 साली त्यांनी कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. डॉक्टर रोग्याला जे प्रश्न विचारत आले, त्यांत एक प्रश्न वाढवा, असं त्यांनी सांगितलं. तुम्ही काम काय करता? तीनशे वर्षं झाली या प्रश्नाला. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांना दोन मिनिटं मिळतात, प्रश्न राहून जातो. आणि विचारलाच, तर आपण काय म्हणतो? "काही नाही, घरीच असते."

तर मैत्रिणींनो, पुढच्या वेळी जाल तेव्हा हे घरूनच ठरवून जा. दुखणं कधीपासून, कुठून कुठवर जातं, कशाने वाढतं, कशाने थांबतं. आणि विचारायची वाट न बघता काम सांगा. चार घरची भांडी, ओट्यापाशी उभ्याने तीन तास. पाण्याचे दहा हंडे, दोन मजले वर. मशीनवर शिवण, दिवसाला सात तास. सासूबाईंना उचलून अंघोळ घालणं, रोज. तारीख सांगता आली नाही तरी चालेल. काम सांगा.