शकुंतलेचे इंजिन आणि तेराव्या महिन्यातला लॅपटॉप

१/ अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरहून एक नॅरोगेज मार्ग अमरावती जिल्ह्यातील अचलपूरला आणि दुसरा यवतमाळला जातो. वऱ्हाडचा कापूस वाहण्यासाठी उभारलेल्या या मार्गावरील गाडी म्हणजे ‘शकुंतला’. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेल्या झेडडी वाफेच्या इंजिनाने १९२३ पासून एप्रिल १९९४ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ, ती ओढली.

२/ आज याच जिल्ह्यांत विकला जाणारा लॅपटॉप बहुधा एका वर्षाच्या वॉरंटीवर मिळतो. तेराव्या महिन्यात मदरबोर्ड गेला, तर कुटुंबाने हप्त्यांवर घेतलेली वस्तू हप्ते फिटण्याआधीच निकामी ठरू शकते. यंत्राचे आयुष्य नेमके ठरवते कोण?

३/ वाफेच्या इंजिनाचे बेअरिंग झिजते, बॉयलरच्या नळ्या गळतात. मात्र झिजलेला भाग काढून नवा बसवता येतो. ते दीर्घायुष्य लोखंडात कमी आणि दुरुस्तीच्या सोयीत अधिक होते.

४/ झेडडी रुळावर असतानाच, १९२४ च्या अखेरीस, जिनिव्हात ‘फीबस’ संघ जन्मला. ओस्राम, फिलिप्स आदी दिवे उत्पादकांनी विजेच्या दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणण्याचे ठरवले. त्याहून अधिक टिकणारा दिवा बनवणाऱ्यास दंड होता! दुसऱ्या महायुद्धात हा संघ मोडला. संशय मात्र कायमचा मागे राहिला.

५/ तरीही प्रत्येक बिघाडामागे कारस्थान नसते. १ जुलै २००६ पासून युरोपीय संघाने विद्युत उपकरणांतील शिशावर निर्बंध आणले आणि उद्योग शिसेविरहित सोल्डरकडे वळला. जोडकामाची जुनी गणिते नव्याने मांडावी लागली. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधील सदोष चिपांच्या दुरुस्तीसाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. चिपच्या बांधणीतील साहित्य उष्णतेपुढे कमकुवत ठरले होते.

६/ यंत्र तापले की जोड प्रसरण पावतात, निवले की आकुंचतात. प्रत्येक फेरीत सूक्ष्म भेग थोडी वाढते. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. मे २०२४ मध्ये अकोल्यात उष्म्यामुळे कलम १४४ लागू करावे लागले होते. अशा हवेत धूळ साचलेला पंखा चिपला पुरेसा गारवा देऊ शकत नाही.

७/ मग बिघाड वॉरंटी संपताच का? निर्मितीतील ढोबळ दोष बहुधा आरंभीच्या काही महिन्यांत उघड होतात, झिजेचे दोष काही वर्षांनी. वॉरंटीची रेषा या दोहोंमधल्या शांत काळात आखणे उत्पादकाला स्वस्त पडते. शिवाय पाच वर्षे निमूट चाललेल्या यंत्राची चर्चा कुणी करत नाही.

८/ भारतात १९३० च्या मालविक्री कायद्याचे मूळ सूत्र ‘घेणाऱ्याने पारखून घ्यावे’ असेच होते, अपवाद मोजके. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली.

९/ २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने मोठा फरक केला. कंपनीचे कार्यालय बंगळुरूला असले तरी तक्रारदार स्वतःच्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे अकोल्यात किंवा अमरावतीत, दाद मागू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही. मुदत, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे.

१०/ वॉरंटी संपल्यावर फुकट दुरुस्तीचे वचन संपते. दोष मुळात निर्मितीतलाच होता, हे दाखवण्याचा मार्ग मात्र खुला राहतो. ते सिद्ध करण्याचा भार ग्राहकावर असतो आणि तो जड आहे. म्हणूनच बिलाइतकाच सेवा केंद्राचा लेखी अहवाल मोलाचा. वॉरंटीची तारीख कंपनी ठरवते; दाद मागण्याची मुदत कायदा ठरवतो.