शुभमंगल, पण सावधान! : अमेरिकेत लग्नाचा हॉल ठरवताना



हॉल बघायला गेलो की आपले प्रश्न ठरलेले असतात. भाडे किती, बाहेरचा केटरर चालतो का, पार्किंग आहे का आणि होम करू देतात का? प्रश्न बरोबरच आहेत. पण भारतातून आलेले आजी-आजोबा आणि पळापळ करणारी मुले धरून दोन-तीनशे माणसे आपण त्या हॉलमध्ये सहा-सात तास बसवणार असतो. ती तिथे सुरक्षित राहतील का, हे फारसे कोणी विचारत नाही. "एवढे मोठे हॉटेल आहे, ते बघतीलच" असे आपण धरून चालतो.

हॉटेल बघते हे खरे. पण ते बघते ते त्यांच्या नेहमीच्या मांडणीचे. आपण त्यात मांडव, पडदे, होमकुंड आणि बुफेची टेबले आणली की हॉल बदलतो. हा बदल आपण हॉटेलला आधी आणि लेखी सांगितला पाहिजे. खालची माहिती मुख्यतः अमेरिकेतील नियमांवर आधारित आहे. राज्य, काउंटी, शहर यांप्रमाणे तपशील बदलतात आणि शेवटचा शब्द तिथल्या फायर मार्शलचा असतो.

काय घडू शकते?

- २४ मे २००१, जेरुसलेम : व्हर्साय नावाच्या हॉलमध्ये लग्नाचा नाच चालू असताना मजल्याची जमीन कोसळून २३ जण गेले, शेकडो जखमी झाले. आधीच्या फेरफारात भार पेलणाऱ्या आतल्या भिंती काढल्या होत्या. जमीन खचल्याचे दिसले, तेव्हा वरून भर घालून ती सपाट केली होती.
- २० फेब्रुवारी २००३, ऱ्होड आयलंड : 'स्टेशन' नाइटक्लबमध्ये स्टेजवरच्या फुलबाज्यांनी भिंतीवरच्या फोमने पेट घेतला. १०० जण गेले. दुसरी दारे असूनही बहुतेक लोक ज्या दाराने आत आले त्याच दाराकडे धावले. साधारण दीड मिनिटात तिथे चेंगराचेंगरी होऊन वाट बंद झाली.
- २३ जानेवारी २००४, श्रीरंगम, तामिळनाडू : मंगल कार्यालयात व्हिडिओच्या दिव्याच्या वायरमुळे झावळ्यांच्या मांडवाला आग लागली. नवऱ्या मुलासह पन्नासच्या वर माणसे गेली.
- सप्टेंबर २०२३, उत्तर इराकमधील काराकोश : हॉलच्या आत उडवलेल्या आतषबाजीने छताच्या सजावटीने पेट घेतला. शंभराहून जास्त मृत्यू.

देश वेगळे, पण तीन आगींत एक गोष्ट सारखी आहे : ठिणगी लहान होती, पेटायला सजावट तयार होती. जेरुसलेममध्ये तर धोका आधी दिसला होता, तो फक्त झाकला गेला.

हॉलमध्ये किती माणसे मावतात?

अमेरिकेतील कोडप्रमाणे नुसत्या खुर्च्या असतील तर माणशी ७ चौरस फूट आणि टेबल-खुर्च्या असतील तर माणशी १५ चौरस फूट धरतात. एक उदाहरण घेऊ. हॉल ३००० चौरस फुटांचा आहे. नुसत्या खुर्च्यांवर ४२८ माणसे बसतात, म्हणून माहितीपत्रकात '४०० पाहुणे' लिहिलेले असते. आता आपली मांडणी बघा : मांडव ४००, नाचाची जागा ४००, बुफे आणि त्याची रांग ३००. उरले १९००. त्याला १५ ने भागले की १२६ माणसे! हा हिशेब ढोबळ आहे, अधिकृत आकडा फायर मार्शलचाच. पण ३०० आमंत्रणे छापण्याआधी आपल्या मांडणीसाठीचा आकडा हॉटेलकडून लेखी घ्या.

दारे

५० किंवा जास्त माणसांच्या हॉलला बाहेर पडायच्या निदान दोन वाटा लागतात, ५०० च्या वर तीन आणि १००० च्या वर चार. हॉल बघायला जाल तेव्हा प्रत्येक दार स्वतः ढकलून उघडून बघा. मागच्या दाराबाहेर खुर्च्यांची थप्पी आहे का? डेकोरेटरचा पडदा 'एक्झिट'च्या पाटीवर येतो का? मांडवामागचे दार झाकले जाते का? हे तीन प्रश्न मांडणीच्या नकाशावर बोट ठेवून विचारावेत. मंगलाष्टकांआधी सूत्रसंचालकाने अर्ध्या मिनिटात सगळी दारे कुठे आहेत ते सांगितले तर कोणाचा मुहूर्त चुकत नाही.

होम आणि सजावट

- उघड्या ज्वाळेला बहुतेक ठिकाणी आधी परवानगी लागते. "छोटासा विधी आहे" असे न सांगता कुंडाचे माप, समिधा, तूप, कापूर आणि किती मिनिटे, हे सगळे सांगा.
- धुराने अलार्म वाजू नये म्हणून हॉटेल त्या भागातले डिटेक्टर तात्पुरते बंद ठेवते. तेवढा वेळ लक्ष ठेवायला माणूस कोण आणि डिटेक्टर पुन्हा चालू कोण करणार, हे विचारा. स्वतः डिटेक्टरवर पिशवी बांधू नका.
- तुपाचा भडका उडाला तर पाणी ओतू नये. कुंडाच्या मापाचे धातूचे झाकण गुरुजींच्या हाताशी ठेवा आणि आग विझवायचे सिलिंडर चालवता येणारा एक जण जवळ उभा करा.
- सप्तपदीला शालूचा पदर आणि उपरण्याची गाठ मारलेली असते, त्यामुळे एकाने पेट घेतला तर दुसऱ्याला बाजूला होता येत नाही. गाठीचे टोक उचलून धरायचे काम करवलीला सांगून ठेवा.
- पडद्यांचे कापड 'एनएफपीए ७०१' चाचणीत उतरल्याचे प्रमाणपत्र डेकोरेटरकडून घ्या.
- 'कोल्ड स्पार्क' नावाच्या कारंज्यांना अनेक ठिकाणी वेगळा परवाना लागतो. नाव थंड असले तरी त्यात धातूची भुकटी जळत असते.
- लाकडी जमिनीवर अक्षता पडल्या की पाय घसरतो, त्यात बरेच जण मोज्यांवर असतात. मंगलाष्टके संपताच झाडून घ्यायचे ठरवून ठेवा.

जेवण

गरम पदार्थ १३५ अंश फॅरनहाइटच्या (५७ सेल्सियस) वर आणि थंड पदार्थ ४१ अंशांच्या (५ सेल्सियस) खाली राहिले पाहिजेत. साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त काही ठेवू नये. बाहेर ९० अंशांच्या वर उन्हाळा असेल तर एकच तास. भातात वाढणाऱ्या बॅसिलस सेरियस जंतूचे एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही, म्हणून मसालेभात दुपारपासून रात्रीपर्यंत तसाच ठेवणे वाईट. उरलेले डब्यात भरून न्यायला हॉटेल नाही म्हणते तेव्हा राग येतो, पण कारण हे असते.

दुसरी गोष्ट ॲलर्जीची. शेंगदाण्याचे कूट आपल्या कोशिंबिरीत, भरल्या वांग्यांत, चटणीत असते आणि ते दिसत नाही. अमेरिकेत पाकीटबंद पदार्थांवर नऊ मुख्य ॲलर्जींची नोंद लागते, १ जानेवारी २०२३ पासून त्यात तीळही आले. पण बुफेतल्या पातेल्यावर असे लेबल नसते. म्हणून प्रत्येक पदार्थापुढे शेंगदाणे, काजू, तीळ, दूध, गहू यांची चिठ्ठी लावा आणि आमंत्रणाच्या उत्तरातच ॲलर्जी विचारून घ्या.

कोणाला बरे वाटेनासे झाले तर

हॉलपासून एईडी यंत्र किती अंतरावर आहे, ॲम्ब्युलन्स कोणत्या दाराशी येणार आणि त्या दाराचा पत्ता काय, हे एका कागदावर लिहून स्वागताच्या टेबलावर ठेवा. हॉटेलच्या फोनवरून ९११ थेट लागतो का, तेही विचारा. २०१३ साली टेक्सासमधील एका मोटेलमध्ये ९ वर्षांच्या मुलीने आईसाठी वारंवार ९११ फिरवला, पण बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ दाबावा लागत असल्याने फोन लागलाच नाही. त्यातून 'करीज लॉ' हा कायदा झाला. पण तो १६ फेब्रुवारी २०२० नंतर बसवलेल्या यंत्रणांना लागू आहे. जुन्या यंत्रणेत तो ९ अजून असू शकतो. भारतातून आलेल्या वडीलधाऱ्यांच्या औषधांची आणि प्रवासी विम्याची यादी घरातल्या एकाच्या फोनमध्ये हवी.

करार करताना

हॉल दाखवणारी गोड बोलणारी सेल्सची व्यक्ती लग्नाच्या दिवशी तिथे नसते. त्या दिवशीचे कर्मचारी 'बँक्वेट इव्हेंट ऑर्डर' नावाच्या कागदाप्रमाणे काम करतात. त्यात जे नाही ते त्यांच्या दृष्टीने ठरलेलेच नाही. म्हणून या गोष्टी त्यात लिहून घ्या :

१. मांडव आणि बुफेसह हॉलचा नकाशा आणि त्या मांडणीची माणसांची मर्यादा.
२. होमाची परवानगी, वेळ आणि देखरेख करणाऱ्याचे पद.
३. त्या दिवशी हजर असणाऱ्या मॅनेजरचे नाव आणि मोबाइल.
४. व्हीलचेअरची वाट, लिफ्ट आणि मांडवापर्यंतचा उतार.
५. केटरर व डेकोरेटर यांच्या विम्याची प्रमाणपत्रे.
६. रद्द झाल्यास किंवा तारीख बदलल्यास पैशांचे काय. २०२० च्या मार्चनंतर हे कलम किती महत्त्वाचे आहे ते अनेक कुटुंबांना कळले.
७. सर्व्हिस चार्ज किती टक्के, त्यावर टॅक्स आहे का आणि वाढप्यांची टिप त्यात धरली आहे का.

"एवढे प्रश्न विचारले तर हॉटेलवाल्यांना काय वाटेल?" असा संकोच आपल्याला असतो. चांगल्या हॉटेलला हे प्रश्न नवीन नसतात आणि उत्तरेही तयार असतात. जिथे उत्तराऐवजी "काळजी करू नका" एवढेच ऐकू येते, तिथे अनामत रक्कम भरण्याआधी आणखी एक हॉल बघून यावा.

लग्नघरात या कामासाठी एक माणूस आधीच नेमा, वधू-वरांचे आईवडील सोडून. त्यांना त्या दिवशी यातले काही आठवणार नाही आणि आठवूही नये.

सर्व लग्नघरांना मनःपूर्वक शुभेच्छा!