हजेरी कुणाची लागते?

2020 च्या टाळेबंदीत माझी भाची घरूनच बी.ए.चे तास करायची. कॅमेरा बंद, माईक बंद, आणि ती स्वयंपाकघरात चपात्या लाटत असायची. हजेरी मात्र रोज लागायची. पलीकडे प्राध्यापक पडद्यावरच्या स्लाइड वाचून दाखवायचे. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? ऑनलाइन कसे शिकवायचे, हे त्यांना कुणी शिकवलेच नव्हते.

समोर नसलेल्या शागिर्दाला शिकवलेले पोहोचले की नाही, हा प्रश्न नवा नाही. आपल्या मुहद्दिसांनी त्यावर शेकडो वर्षांपूर्वी बारकाईने विचार केला होता.

दमास्कसच्या दारुल हदीस अशरफियात शिकवणारे इब्न अस-सलाह (मृत्यू 1245) यांनी हदीस मिळवण्याचे आठ मार्ग क्रमाने मांडले. पहिला समाअ, म्हणजे उस्तादांच्या तोंडून ऐकणे. दुसरा किराअत, म्हणजे शागिर्दाने उस्तादांना वाचून दाखवणे. पाचवा मुकातबा, म्हणजे पत्राने मिळालेले ज्ञान. शेवटचा विजादा, म्हणजे कुठेतरी हाती लागलेले लिखाण. पत्राने आलेले त्यांनी नाकारले नाही. पण ज्ञान कोणत्या मार्गाने आले, हे सांगावे लागे.

मजलिस मोठी असली की मागच्यांना उस्तादांचा आवाज ऐकू येत नसे. मग 'मुस्तमली' ते शब्द मोठ्याने पुन्हा सांगे. असे ऐकलेले थेट उस्तादांकडून ऐकले असे मानायचे का, यावरही चर्चा झाली. दमास्कसच्या हस्तलिखितांवर हजर लोकांच्या याद्या आहेत. त्यांत कोण उशिरा आला, कोणाला डुलकी लागली, याच्याही नोंदी सापडतात!

दारकुत्नी (मृत्यू 995) यांचा किस्सा प्रसिद्ध आहे. तरुणपणी बगदादच्या एका मजलिसमध्ये ते दुसरेच काही लिहून घेत बसले होते. शेजारी म्हणाला, तुमचे ऐकणे ग्राह्य नाही. दारकुत्नींनी विचारले, शेखांनी आतापर्यंत किती हदीस सांगितल्या? त्याला सांगता येईना. दारकुत्नी म्हणाले, अठरा. मग त्या अठराही त्यांनी सनदीसकट क्रमाने म्हणून दाखवल्या.

त्या काळात पुढे शिकवायलाही उस्तादांची इजाजत लागे. आज माध्यमिक शाळेत शिकवायचे तर बी.एड. लागते. कॉलेजसाठी नेट, सेट किंवा पीएच.डी. पुरते. त्यातून विषयाची तयारी कळते, शिकवण्याचे प्रशिक्षण मिळत नाही. 1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर प्राध्यापकांसाठी अकॅडमिक स्टाफ कॉलेजे निघाली. 2018 मध्ये 'अर्पित' योजनेतून 'स्वयम'वर उजळणीचे अभ्यासक्रम आले. पण ऑनलाइन तास घेण्याआधी त्याचे प्रशिक्षण हवेच, अशी अट आजही नाही. दुसरीकडे, 2021 पासून एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम'वर करण्याची मुभा आहे.

हे आपल्यासाठी दूरचे नाही. मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ 1998 मध्ये सुरू झाले तेच दूरशिक्षणाने. आपल्या कितीतरी मुलींना पदवी घरी बसूनच मिळणार आहे. ती विजाद्याच्या दर्जाची असू नये, एवढेच मागणे आहे.

त्यासाठी शिकवणाऱ्याला आधी तयार करायला हवे: पंधरा मिनिटांनी थांबून प्रश्न कसा विचारायचा, गप्प बसलेल्या मुलीला बोलते कसे करायचे, वही न पाहता समज कशी तपासायची. भाचीला मी एकदा विचारले, आज तासाला काय झाले? ती म्हणाली, "मामू, हजेरी झाली."